पाठीवरचा पंजा

धाकट्याचे सगळे शर्ट पाठीवर काळे आहेत. काम मनासारखं झालं की आमचे बाबा ऑइलने माखलेल्या हातानं त्याची पाठ थोपटतात, आणि तो पंजा साबणाला दाद देत नाही. माझे शर्ट स्वच्छ. बायको म्हणते, धुणं सोपं जातं. मला त्या सोपेपणाचाच संताप येतो.

गॅरेज आम्हा दोघा भावांचं. बाबा आता दारातल्या स्टुलावर बसून असतात. त्यांना अंधुकच दिसतं, पण इंजिन हातानं चाचपून त्यांनी "जाऊ दे" म्हटल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही. गिऱ्हाइकं मला ओलांडून विचारतात, "धाकटा आहे का?" धाकटा शीळ घालत काम करतो, सगळ्यांशी गोड बोलतो, आणि चहा पिता पिता त्याला गाडीचं दुखणं सापडतं. घाम गाळायला मी आहेच. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

परवा ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एक बाई गाडी घेऊन आल्या. गर्दीत जरा उभी राहिली की गाडी जीवच सोडते म्हणाल्या. मी पेट्रोलचा पंप बदलला. काही फरक नाही.

धाकट्यानं आत हात घातला. "दादा, आत जाणारी हवा किती गरम आहे ते सांगणारा हा सेन्सर बघ. तापलेल्या लोखंडावर बसलाय. हवा बरी असली तरी हा बिचारा गरमच सांगणार, आणि इंजिन हात आखडणार."

माझ्या पोटात दुखलं. हे मला का सुचू नये?

त्यानं सेन्सर काढून पुढच्या जाळीमागे बांधला. धूर बाहेर टाकणारा तापलेला एक्झॉस्ट आणि हवेची नळी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा केला. गाडी पळायला लागली. बाबा चाचपत उठलेच होते, तेवढ्यात मी म्हणालो, "चढावर नेऊन आणतो." ती तिथे मरावी हीच इच्छा होती, दुसरी नव्हती.

आणि देव पावला. चढावर इंजिन टकटक वाजायला लागलं. कारण मला तिथेच कळलं. जाळीमागचा वारा इंजिनात जातच नव्हता. इंजिन पीत होतं एक हवा, सेन्सर चाखत होता दुसरीच. गार हवा मिळतेय या भरवशावर इंजिन नको तेवढा जोर करत होतं.

परत येऊन मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय धाकटेसाहेब, सेन्सर बसवलाय की शोभेला टांगलाय?"

त्यानं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे हो की! बाई, दादानं वाचवलं हं, नाहीतर इंजिनाची वाट लागली असती. दादा, आता तूच बसव."

भांडलासुद्धा नाही मेला. सगळी मजा घालवली.

मी फिल्टरच्या पुढे नळीला भोक पाडून सेन्सर आत बसवला, म्हणजे इंजिनात जाणारीच हवा त्याला लागेल. आडोसा त्याचा तसाच ठेवला, चांगला होता. गाडी चढावर मुकाट्यानं गेली आणि आली. बाबांनी इंजिन चाचपलं. "जाऊ दे," म्हणाले. मी अजून बॉनेटखाली वाकलेलो होतो. माझ्या पाठीवर हात पडला.

"शाबास, धाकट्या."

धाकटा समोरच उभा होता. एरवी त्याची टकळी बंद होत नाही. पण एक अक्षर बोलला नाही, उलट मलाच ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. एवढं मोठेपणही त्यालाच सुचावं!

घरी बायको शर्ट भिजत घालायला निघाली. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.