दुधाच्या सायकलचं मागचं चाक

आमचे हे विषमज्वराने गेले ते भातकापणीच्या आधी. लढाई चालू होती, त्या वर्षांतली गोष्ट. औंढ्याहून लोणावळ्याला दूध घालायचं काम त्यांचं होतं. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून ते पहाटे निघत आणि तुंगार्लीच्या बंगल्यांचा रतीब घालून ऊन तापायच्या आत परतत. ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून रतीब बंद होता. म्हशी मात्र दूध देतच होत्या. सासूबाई त्याचं दही लावत, खवा आटवत, उरलेलं शेजारी वाटत.

तेरावं झालं. बायका यायच्या, माझ्या गळ्यात पडून रडायच्या, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. मला रडू येत नव्हतं. ताट पुढे आलं की जेवत होते, भांडी पुढे आली की घासत होते. शेजारची म्हातारी सासूबाईंना म्हणाली, "पोरीला रडवा, न्हाईतर दुःख डोक्यात जाईल." ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलताहेत असं वाटलं.

पुढे एका सकाळी धाकटे दीर किटल्या लावून निघाले आणि थोड्याच वेळात सायकल हातात धरून चालत परत आले. अर्धं दूध त्यांच्या धोतरावर सांडलं होतं.

"मागलं चाक लय डुलतंया," ते म्हणाले. "ओढ्याच्या वळणावर पडतापडता ऱ्हायलो. रिम वाकलीया बहुतेक."

मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी सायकलकडे पाहिलंही नाही. "इकून टाक ती," म्हणाले.

"मामंजी, आधी बघू तरी काय झालंय," मी म्हणाले. त्या दिवसांत मी आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

बघायचं कसं ते मला ठाऊक होतं. आमचे हे सायकल दुरुस्त करायला बसले की धरायला मलाच हाक मारत, आणि हाताबरोबर त्यांचं तोंडही चालायचं. चाक का डुलतं, कसं ओळखायचं, हे मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं. तेव्हा मी अर्धवटच ऐकायची.

दिरांनी सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केली. मी चाक धरणाऱ्या मागच्या चिमट्याला बोटांनी एक काडी दाबून धरली, तिचं टोक रिमपाशी आणलं आणि त्यांना चाक फिरवायला सांगितलं. रिम वाकली असती तर काडीला एका ठिकाणी घासली असती, दुसरीकडे लांब गेली असती. तसं झालं नाही. चाक फिरत राहिलं, काडीपासूनचं अंतर तेवढंच राहिलं. मग मी एकेक तार चिमटीत धरून पाहिली. एकही सैल नव्हती, तुटलेली नव्हती.

"मग डुलतंय कशानं?" दिरांनी विचारलं.

मी चाक वरून धरलं आणि आडवं हलवलं. आसापाशी खट् असं झालं. पुन्हा हलवलं, पुन्हा तसंच.

मामंजी ओट्यावरूनच म्हणाले, "आसात खेळ हाय, ढिलं झालंया." बैलगाडीचं चाक त्यांना माहीत होतं. मग ते उठून आले आणि पाना त्यांनीच हातात घेतला. चाक उतरवून आसावरची वाटी सोडली, तर काळ्या वंगणात दोन पोलादी छर्रे फुटलेले निघाले. मामंजींनी ते तळहातावर घेतले आणि बराच वेळ तसेच धरून बसले. मला एवढंच वाटलं की कारण सापडलं. त्यापलीकडे काही नाही.

चाक तात्पुरतं बसवलं. दीर म्हणाले, "वयनी, तुमीबी चला लोणावळ्याला. सायकलच्या दुकानदारानं काय इचारलं तर मला सांगता न्हाई यायचं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी बाहेर पडावं हे त्यांना पसंत नव्हतं, ते दिसत होतं. पण मामंजींकडे पाहून त्या आत गेल्या.

लढाईमुळे नवा माल मिळत नव्हता. दुकानदाराने एका मोडक्या सायकलचे छर्रे आणि वाटी काढून आमच्या चाकाला घातली. चाक हलवून दाखवलं. खट् झालं नाही.

परतताना रतीब पुन्हा चालू होणार ते कळवायचं म्हणून तुंगार्लीवरून गेलो. पहिल्याच बंगल्याचा स्वयंपाकी मागच्या दाराशी आला. सायकल त्याने ओळखली.

"अहो, इतके दिवस दूध नाही. तुमचा माणूस आहे कुठे?"

दीर खाली बघत राहिले.

"ते वारले," मी म्हणाले. "उद्यापासून हे माझे दीर घेऊन येतील."

तोवर ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असायचं. माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला.

स्वयंपाकी हळूच म्हणाला, "बरं बाई. उद्या जरा जास्त आणा. पाहुणे आहेत."

गावच्या वाटेला लागल्यावर मी दिरांना म्हटलं, चालवून तर बघा. ते बसले, थोडं पुढे गेले. चाक सरळ चाललं होतं. मग ते उतरले आणि माझ्याकडे पाठ करून, सायकलला धरून रडायला लागले. मी मागेच थांबले. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं, काही खाचरांत लोळलंही होतं. कापणीला माणसं बघायला हवीत, असं माझ्या मनात आलं.

"चला भाऊजी," थोड्या वेळाने मी म्हणाले. "धारेची वेळ होईल."

रतीब पुढे बरीच वर्षं चालला. मला रडू कधी आलं ते मात्र आठवत नाही. आलं असेल.