सामाईक भिंतीवरचा आरसा

सामाईक भिंत फोडून मी चोरून खिडकी काढली, असा आरोप माझ्यावर माझ्याच घरात झाला. त्या दिवशी त्या भिंतीवर एक आरसा सोडला तर काहीही नव्हतं.

बुलढाण्याजवळच्या धाड गावात आमचं घर आणि माझे दीर देवराव यांचं घर पाठीला पाठ लावून उभी आहेत. मधली भिंत दोघांची. देवरावभाऊजींचं रुसणं साऱ्या गावाला माहीत. एका लग्नात वाढप्यानं बुंदी वाढायच्या आधी त्यांना "पाहिजे का?" असं विचारलं, तेव्हापासून ते बुंदीवर रुसलेत. वाढप्यावर नाही, बुंदीवर! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण ऑपरेशन करत नाहीत. का? तर डॉक्टरनं त्यांना 'बाबा' म्हटलं. (वय पंचाहत्तर. मग काय 'बाळ' म्हणायचं?)

नेमकं या माणसानं माझ्या नातीचं, मयुरीचं, लग्न जमवलं. मुलगा मेहकरचा, भाऊजींच्या बायकोचा, म्हणजे माझी जाऊ कौसा हिचा, सख्खा भाचा. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी ठरलेलं. मुलगा मयुरीला आवडला होता. दोघं फोनवर इतकं बोलायची की लग्नानंतर बोलायला काही शिल्लक राहील का, याचीच मला काळजी. आता फक्त रविवारपर्यंत भाऊजींना रुसू द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात माझी सून सुजाता मोबाईल घेऊन आली. "आई, आपला हॉल लय अरुंद दिसते. मोठा आरसा लावला की जागा डबल दिसते म्हनतात."

"मंग तो सोयाबीनच्या पोत्यांसमोर लाव. पीक डबल होईन."

ती हसली नाही. आम्ही बुलढाण्याला गेलो.

दुकानदारानं पहिला आरसा काढला तो सूर्यासारखा. चारी बाजूंनी सोनेरी काटे.

"याच्यात तोंड पाह्याले जाईन अन् डोळा फुटीन," मी म्हटलं.

दुसरा वेडावाकडा, काठ कुठं जातोय त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "आजी, हे डिझाईन आहे."

"डिझाईन नाही बाप्पा, हे ताक सांडलं."

तिसऱ्याचे नुसतेच तुकडे. म्हणे एकेक घेऊन भिंतीवर चिकटवायचे. "आधी फोडता अन् मंग विकता काय?" चौथ्याला बटण होतं. दाबलं की कडेनं लख्ख उजेड. त्या उजेडात मी माझं तोंड एकदा पाहिलं आणि त्याला म्हटलं, "दाब बाबा ते बटन परत."

सुजाता रडकुंडीला आली. "आई, तुमाले पसंत तरी काय पडते?"

कोपऱ्यात एक खिडकी उभी होती. वर कमान, सागवानी चौकट, दोन झडपा, पितळी कडी आणि गजांच्या जागी आरसा. "हे घे," मी म्हटलं. "झडपा लावल्या की कोनाचं थोबाड पाह्याचं काम नाही!"

म्हणजे आरसा मी निवडला. (हे वाक्य पुढं घरातल्या प्रत्येकानं मला ऐकवलं, म्हणून आधीच सांगून टाकते.)

माझ्या मुलानं, विलासनं, तो सामाईक भिंतीवर ठोकला, बरोबर दारासमोर. दार उघडलं की अख्खी गल्ली भिंतीत दिसायची. सुजाता खूश झाली. विलास येता-जाता भांग पाडायला लागला. (केस कुठं आहेत, हे त्याला विचारू नका.)

सकाळी देवरावभाऊजी चहा पिऊन आमच्या दारावरून चालले होते. थबकले. आत आले.

"वैनी! तुम्ही माह्या भिंतीले खिडकी काढली!"

मी सांगणारच होते, तर ते आणखी पुढं सरकले आणि कुजबुजले. "वैनी, माह्या घरात कोन मानूस उभा आहे?"

पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात काठी. सगळं भाऊजींचंच.

"म्हतारा दिसते," भाऊजी डोळे बारीक करून म्हणाले. "लय म्हतारा." मग त्या म्हाताऱ्यावर खेकसले, "कोन आहे बे तू?"

म्हातारा गप्प. भाऊजींनी काठी उगारली. त्यानंही उगारली!

"पाह्यलं? माह्याच घरात उभा राहून मलेच काठी दाखून राह्यला!" आणि भाऊजी धावले. गल्लीला वळसा घालून स्वतःच्या घरी गेले, सगळं घर धुंडाळलं, तसेच धापा टाकत परत आले. खिडकीत म्हातारा हजर. तोही धापा टाकत होता.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मयुरीनं माझा पदर ओढला. "आजी, नको सांगू! स्वतःलेच चोर समजलो हे त्याईले कळलं, तर ते जलमभर आपलं तोंड पाह्यनार नाहीत. मंग माहं काय?"

पोरीचं खरं होतं. बुंदीचा काही दोष नव्हता, तरी तिची काय गत झाली! मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

भाऊजींनी घरी जाऊन भिंतीला लागलेलं लोखंडी कपाट एकट्यानं ओढलं. मागं साधी सपाट भिंत. कोणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. भाऊजी परत आले आणि म्हणाले, "मी गेलो की तो तिकून बुजवून घेते, अन् मी इकडं आलो की उघडते. कारागीर मानूस आहे!"

मग त्यांनी कौसाला विचारलं, "खरं सांग, कोन आहे तो?"

कौसा हाताला भाकरीचं पीठ तसंच घेऊन आमच्याकडं आली. तिची नजर चांगली आहे. आरशासमोर उभी राहिली, सगळं समजली, कपाळावरचे केस मागं सारले.

"तूच सांग वं त्याईले," मी म्हटलं. "तुहा नवरा आहे."

"मी काऊन सांगू, बाई? इतक्या वर्साच्या संसारात आज पह्यल्यांदा त्याईले वाटलं की माह्याकडं कोनी पाह्यते. राहू द्या दोन दिवस!"

आणि ती चक्क ठेवणीतलं लुगडं नेसली! चहा केला तर एक कप जास्तीचा ओतायची आणि कपाटाजवळ नेऊन ठेवायची. भाऊजी तो कप घेऊन बसायचे राखण करत. शेवटी शनिवारी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वैनी, संध्याकाळपर्यंत खिडकी बुजवा. नाही तर मी मेहकरले फोन लावतो. साक्षगंध नाही, काही नाही!"

मयुरी आत जाऊन रडायला लागली. "बुजवते," मी म्हटलं.

भाऊजींना नारळ आणायला पाठवलं. विलासनं आरसा उतरवून पलंगाखाली सारला. खिळ्यांच्या भोकांत सुजातानं कणकेचे गोळे दाबले, वर चुना फासला. खरं वाटावं म्हणून मी दारात घमेल्यात रेती ठेवली आणि फरशीवर पाणी शिंपडलं. भाऊजी आले. भिंतीला नाक लावलं. दोन्ही हातांनी भिंत वरून खाली, खालून वर चाचपली.

"बाप्पा! सांधाच लागत नाही हाताले. मिस्त्री कोन आनला?"

कोणाचंही नाव घेतलं असतं, तर भाऊजी त्याच्या घरी जाऊन उभे राहिले असते.

"मीच बुजवली, भाऊजी."

"तुम्ही?"

"हाव."

मी या घरात नांदायला आल्यापासून भाऊजींनी माझ्याकडं आदरानं पाहिलं ते त्या दिवशी.

रविवारी साक्षगंध थाटात झालं. हॉल अरुंदच होता, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण भाऊजींनी मेहकरच्या पाहुण्यांना नवरीची ओळख करून द्यायच्या आधी माझी करून दिली. "ह्या आमच्या वैनी. चौथीपर्यंत शिकल्या, पन खिडकी अशी बुजवतात की इंजिनेर पाह्यत राहीन!"

मुलाचा बाप सावरून बसला. "असं? मंग लग्नाआधी एकदा मेहकरले येऊन जा, आजी. आमचीबी एक खिडकी बुजवाची राहून गेली. दुसऱ्याच्या हातचं काम आमाले पटत नाही."

मयुरीनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी म्हटलं, "येते की!"

आता पुढच्या आठवड्यात जायचं आहे. विलास रोज अंगणात मला विटा रचायला शिकवतो. (त्यालाही येत नाही.) काल माझी पहिली भिंत गुडघ्याएवढी उभी राहिली. आमची कोंबडी उडून तिच्यावर बसली आणि भिंत गेली. कोंबडी उठली, अंग झटकलं आणि थेट देवरावभाऊजींच्या घरात शिरली. तिनं तिथं तोंड उघडलं, तर माझी मिस्त्रीगिरीही गेली आणि नातीची सोयरीकही!