कोपऱ्यावरून चाललेली कात्री

लग्न होऊन मोर्शीहून अमरावतीला आले तेव्हा मला क्रोशाचं तोरण तेवढं विणता यायचं. घरातलं आटोपलं की दुपारी शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर बायका जमत. वकिलांच्या पत्नी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या, मूळच्या पुण्याकडच्या. विणकाम शिकवायच्या मात्र मुलींच्या शाळेतल्या एक मास्तरीण, ख्रिस्ती, एकट्या राहणाऱ्या. त्यांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो.

बाई कांड्यांची लेस करत. मांडीवर गिरदी, म्हणजे घट्ट भरलेली उशी, तिच्यावर टोचलेला नक्षीचा कागद, भोकाभोकांत टाचण्या, आणि दोऱ्यांना लटकणाऱ्या लाकडी कांड्या. त्या जोडीजोडीनं एकमेकींवरून फिरवत राहिलं की खाली जाळी उतरत जाते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्वयंपाकाची वेळ विसरले होते.

हळूहळू आम्हीही बाईंना चार गोष्टी सांगू लागलो. गिरदीत कापूस भरला की टाचणी डुगडुगते, म्हणून मी कुटार, म्हणजे भुसा, ठासून भरलं, ते सगळ्यांनी उचललं. चांदूर बाजारच्या एकीनं पाळण्याचे खुंट करणाऱ्या खरादीकडून शिवणीच्या लाकडाच्या कांड्या करून आणल्या. त्या फार हलक्या झाल्या, दोरा ताणून धरेनात, तेव्हा बुडाशी काचेचे मणी ओवले. पावसाळ्यात लोखंडी टाचणीचा गंज लेसला लागतो, पितळीचा लागत नाही, हे आम्ही एक अख्खी पट्टी खराब करून शिकलो. बाई प्रत्येक गोष्ट करून बघायच्या आणि जमली की मोठ्यानं हसायच्या.

बाईंकडे एक जुनी लेस होती. लहानपणी त्यांना ज्या परदेशी मडमबाईंनी वाढवलं, त्यांच्या आजीच्या हातची. जवसाच्या सुताची, म्हणजे लिननची, हाताला गार लागणारी, हातभर लांब. यंत्राची लेस आणि हातची लेस ओळखायची कशी, ते बाई तिच्यावर दाखवायच्या. हातच्या लेसला कुठे दोरा जाडसर, कुठे नवा दोरा जोडलेला दिसतो. पण खरं नवल होतं ते तिच्या कोपऱ्याचं. नक्षी कुठेही न तुटता काटकोनात वळली होती. ती कशी वळवली, हे बाईंना इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. आम्ही भिंग लावून एकेक दोरा शोधत होतो. निम्मा कोपरा उलगडला होता.

तेवढ्यात अकोल्याला प्रदर्शन भरलं. नागपूरहून मोठ्या इंग्रज साहेबांची मडम येणार होती. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ती जुनी लेस द्या, मंडळाच्या नावानं मांडू." बाई तापानं आजारी होत्या, जाऊ शकत नव्हत्या. त्यांनी लेस मलमलीत गुंडाळून पाठवून दिली.

प्रदर्शन झाल्यावर ओसरीवर सभा भरली. बाई अशक्त होत्या, तरी आल्या. अध्यक्षीणबाईंनी प्रत्येकीच्या हातात गुलाबी फितीची पुडी ठेवली. बाईंच्याही. उघडून पाहिलं तर आत बोटभर लेस. बाईंची लेस! कात्रीनं कापलेली, कडेचे दोरे सुटलेले.

"सगळ्यांना अभ्यासाला मिळावी म्हणून सारखे तुकडे केले," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "एकीच्याच पेटीत पडून काय उपयोग?"

बाई पुडीकडे बघत राहिल्या. मग बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "आणि कोपरा?"

"तो मडमना फार आवडला. मंडळातर्फे भेट दिला."

मी सर्वांत लहान, नवी सून, पण उठून उभी राहिले. "कावून कापली तुमी? कोनाले इचारलं? ते लेस बाईची व्हती, मंडळाची नाई!"

"तू खाली बैस," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "बोलायची ही काय रीत? आणि आधी भाषा सुधार."

"माही भाषा राहू द्या. दुसऱ्याची वस्तू कापून वाटाची, हे कोन्ती रीत व्हय?"

मी पदर पसरून एकेकीपुढे गेले. चांदूर बाजारवालीनं लगेच पुडी टाकली, मग बाकीच्यांनी. एक म्हणाली, मी तर ही बाळाच्या टोपीला लावणार होते. तिच्याकडे मी नुसतं पाहिलं, तिनंही टाकली. बाईंचा हात धरून मी ओसरी उतरले.

सासूबाईंच्या कानावर हे संध्याकाळच्या आत गेलं. मला वाटलं, आता माझं बाहेर पडणं बंद. त्या म्हणाल्या, "बोलली ते बराबर बोलली. पन उद्यापासून त्यायच्या ओसरीवर जाऊ नोको. त्या बाईच्या खोलीवर जात जा."

आम्ही तिघीचौघी बाईंच्या खोलीवर जमू लागलो. बाईंनी तुकडे जोडले, पण जोड लपेना. हात लावला की तिथे गाठ लागायची. कोपरा आम्ही आठवून, आठवलं नाही तिथे अंदाजानं, पुन्हा पुन्हा केला. शेवटी एक जमला. नक्षी वळली, पण वळणावर चुणी पडली. बाई म्हणाल्या, "चालेल. हा आपला आहे." मला नाही चालला. ज्या बाईनं तो कोपरा पहिल्यांदा वळवला, तिच्या हातचं काम कोण्या मडमच्या कपाटात जाऊन पडलं होतं, आणि त्या मडमला तो काय आहे हेही ठाऊक नसणार.

पुढे एका लग्नात अध्यक्षीणबाई भेटल्या. माझ्या चोळीच्या बाहीची लेस चारचौघींना दाखवत म्हणाल्या, "ही आमच्याच मंडळात तयार झालेली. आम्हीच शिकवलं हिला."

"तुमी नाई शिकवलं," मी म्हटलं. "बाईनं शिकवलं."

त्या हसून दुसरीकडे वळल्या, जणू मी काही बोललेच नव्हते. म्हणून आज इतक्या वर्षांनी हे लिहून ठेवते आहे.