‘परत या’ म्हणणारी नर्स

पिंगळीच्या स्टेशनात पॅसेंजर जेमतेम थांबायची. तेवढ्यात मायला रडूनही घ्यायचं होतं आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कुठल्या पिशवीत ठेवलाय तेही सांगायचं होतं. मी औरंगाबादला नर्सिंग शिकले होते आणि मस्कतच्या एका दवाखान्यात मला नोकरी लागली होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा लोंबकळतच होता. त्यावरून आज कुठं बंद नाही, याचंच माझ्या वडिलांना, अण्णांना, हायसं वाटत होतं. मला मात्र इंग्रजीची भीती. अण्णांनी ती ओळखली. खिडकीचा गज धरून म्हणाले, "भिऊ नको, बाई. निजामाच्या राज्यात आमी उर्दूत शिकलो. मग एकदम मराठी आली. आमी काय मुके झालो का? लोकं बोलायलेत तिकडं बघत ऱ्हायचं. येतंय हळूहळू."

वॉर्डात केरळच्या आणि फिलिपाइन्सच्या सिस्टर होत्या, आणि सगळ्यांच्या वर एक इंग्रज मेट्रन. सुरुवातीला प्रोबेशन. इंग्रजी जमलं नाही तर परतीचं विमान. आणि तसं परत जाणं म्हणजे, पोरीला इतक्या लांब कशाला धाडता म्हणून ज्या भावकीनं अण्णांना बोल लावले होते, तिच्यासमोर अण्णांची मान खाली जाणं. ते मला मरणाहून वाईट वाटायचं.

शब्द मला येत होते, बोलणं येत नव्हतं. मेट्रन 'कीप ॲन आय ऑन बेड फोर' म्हणाली आणि निघून गेली. 'कीप' येत होतं, 'आय' म्हणजे डोळा, तोही येत होता. मी स्टूल ओढलं आणि चार नंबरच्या पेशंटसमोर डोळे ताणून बसले. तिला जाता-येता लक्ष ठेव एवढंच म्हणायचं होतं; मी चहालाही उठले नाही. शेवटी त्या बिचाऱ्यानंच घाबरून तोंडावर चादर ओढली. एकजण म्हणाला, 'आय ॲम अंडर द वेदर', तर मी एसी कमी करून आले. त्याला बरं वाटत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं. अंगाशी आलं ते वेगळंच, आणि त्यात शब्द एकही चुकला नव्हता. आपल्याकडं निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही. आपण 'या' म्हणतो, 'परत या'. निघणाराही 'येतो' म्हणूनच चपला घालतो. डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटला मी दारापर्यंत सोडायला जायची आणि अगदी मनापासून म्हणायची, 'प्लीज कम अगेन.' केरळच्या पोरी तोंडाला रुमाल लावून हसायच्या, पण सांगितलं एकीनंही नाही. एक दिवस मिस्टर हॅरिस नावाचे पोटाचं ऑपरेशन झालेले म्हातारे इंजिनियर माझं बोलणं ऐकून दारातच थबकले. "वन्स वॉज इनफ, सिस्टर," म्हणाले आणि गाडीत बसले. मेट्रन मागंच उभी होती.

तिनं केबिनमध्ये बोलावलं. पेशंटला पुन्हा आजारी पडायला सांगणारी नर्स तिनं आजवर पाहिली नव्हती. मी म्हणाले, "मॅडम, इन माय हाउस नोबडी से गो. गो इज ओन्ली फॉर फाइटिंग." ती म्हणाली, "वी विल सी." त्याचा अर्थ डिक्शनरीत सापडेना. चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन मी पोटभर रडले.

पुढच्या शुक्रवारी, भेटीच्या वेळेला, मिस्टर हॅरिस खजुराचा डबा घेऊन आले. काउंटरवरच्या क्लार्कनं पेशंट समजून विचारलं, कम्प्लेंट काय, म्हणजे काय होतंय? "नो कम्प्लेंट," ते म्हणाले. "द सिस्टर आस्क्ड मी टू कम अगेन." माझं केबिनमधलं बोलणं मेट्रननंच त्यांना फोन करून सांगितलं होतं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत होते आणि कुणी परत ये म्हणावं असं दार त्यांना उरलं नव्हतं. मग ते बहुतेक शुक्रवारी यायचे आणि मला बोलायला शिकवायचे. 'नॉट बॅड' म्हणजे उत्तम. 'आय ॲम फाइन' म्हणणारा कधीकधी मुळीच फाइन नसतो. त्याच्या तोंडाकडं बघायचं. नोकरी टिकली. अण्णांनी ते कळवणारं माझं पत्र भावकीत वाचून दाखवलं म्हणे.

पुढं विद्यापीठाचं नाव बदलल्याचंही मला भावाच्या पत्रातूनच कळलं. सुट्टीत पिंगळीला आले की पिशव्या खाली ठेवायच्या आत शेजारची काकू विचारते, "आता कवा जायलीस मंग?" तिच्या मनात काही नसतं, पाहुणीला विचारतात तसं विचारते. पण तुमच्यापासून काय लपवू, ते लागतं. गाव माझंच आहे, तरी तिथं माझ्या जाण्याची तारीख माझ्याआधी पोचलेली असते. म्हणून आता मला घर एवढंच कळतं: जिथून कुणी मला वाटेला लावत नाही, ते.

मिस्टर हॅरिस कायमचे इंग्लंडला निघाले तेव्हा गुडघ्यांनी पार थकले होते. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. ते आता या देशात पाऊल टाकणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी गाडीचं दार उघडून धरलं. ते थांबले, काठी सावरली आणि म्हणाले, "आय विल कम अगेन, सिस्टर."