सुपडूच्या ट्रकचा स्टॉप-लाइट

संस्थानं देशात सामील होत होती, ते दिवस. आमची कंपनी बुऱ्हाणपूरला हुकमाची वाट पाहत पडून होती. मी लान्स नायक, ड्रायव्हर. घर शहरातल्याच शनवाऱ्यात, कॅम्पपासून पायी जाण्याइतकं जवळ; पण सुट्टी बंद. रोज गाड्या भरायच्या, रोज रिकाम्या करायच्या. जेवतानाही कान शिट्टीकडे असायचे.

माझी जीप लढाईतली, जुनी. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा उशिरा लागायचा. बल्ब बदलला, तारा घासल्या, ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली. फरक नाही. दोष स्विचमध्ये होता. ऑइलचा दाब त्याच्यावर आला की दिवा लागतो. हा स्विच पार थकला होता. स्टोअरमध्ये दुसरा नव्हता.

नायक सुपडू फोपनार गावचा. ट्रक चालवायचा. म्हणाला, "माझा काढून घे ना भाऊ. तू सगळ्यात पुढं. माझ्या मागं कोण आहे?"

खरंच, त्याचा ट्रक कॉन्व्हॉयमध्ये शेवटचा. आम्ही स्विचची अदलाबदल केली. पॅडलला पाय टेकताच जीपचा दिवा लागू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शाहपूरला कॅप्टनसाहेबांनी दारूगोळ्याची गाडी सर्वांत मागे घेतली. सुपडूच्या मागे.

"साहब, सुपडू की बत्ती देर से जलती है," मी म्हणालो.

"फासला रखो. धीरे चलो. मूव्ह."

पुढे केळीच्या बागांतून कच्चा रस्ता. धुळीत आरसा आंधळा झाला. नाल्यावर बैलगाडी उलटली होती. मी ब्रेक मारला. मागचे ट्रक एकेक करून थांबले. सुपडूही थांबला.

पुढचं त्याच्या ट्रकमधल्या जवानांनी सांगितलं. सुपडूनं उडी मारली आणि हात हलवत तो मागे धावला. दारूगोळ्याच्या ड्रायव्हरला धुळीत तो अगदी जवळ आल्यावर दिसला. त्यानं गाडी बागेत वळवली, पण तिची बाजू सुपडूला लागली. बाकी कुणाला खरचटलंही नाही. बुऱ्हाणपूरला नेताना सुपडू गेला.

परत आल्यावर मी फोपनारला गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. तिनं मला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "गावात म्हणतात, पोरगा गाडी सोडून पळाला. खरं का, बाबा?"

"पळाला, माय," मी म्हणालो. "येणाऱ्या गाडीच्या समोर पळाला."

तिनं पदर तोंडाला लावला. मग उठून अंगणात उतरली आणि शेजारच्या बायकांना मोठ्यानं हाक मारली, "या गं. हा काय सांगतो, ते ऐका."