चुकीमागे एक संत्रं

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने मला फसवले. वरूडच्या बाजारात हातगाडीपासून वर आलेल्या माझ्यासारख्या संत्र्याच्या व्यापाऱ्याला त्यांच्याइतक्या सफाईने कोणीच गंडवलेले नाही.

ताई अकोल्याच्या एका दवाखान्यात मेट्रन होत्या. कोणी आपली चूक कबूल केली की त्यांना घरात नातू झाल्याइतका आनंद होई. नवऱ्याने दूध उतू जाऊ दिल्याचे सांगितले, तर दूध पुसायचे सोडून त्या आधी त्याची पाठ थोपटत आणि मग शेगडीची जागा बदलत. दवाखान्यातही हाच खाक्या. औषध देताना चुकलो, किंवा चुकता चुकता वाचलो, असे जो येऊन सांगेल त्याला रागावणे नाही, त्याचे नाव फोडणे नाही. उलट बक्षीस एक संत्रं. संत्री अर्थात माझी. "भाऊजी, आमच्या इथं चुका होतेच किती? एक पेटी महिनाभर पुरते," म्हणाल्या, आणि मी भुललो. सोमवारी पाठवलेली पेटी बुधवारी रिकामी.

मी तावातावाने अकोला गाठले. "ताई, दवाखाना हाय का कत्तलखाना?"

"चुका नाही वाढल्या, भाऊजी. सांगणं वाढलं. कावून तापून राहिले? अन् पुढची पेटी गोड पाहून धाडा, मागची आंबट होती."

पुढे पोटदुखीने मीच तिथे भरती झालो. इंजेक्शन घेऊन आलेली नर्स म्हणाली, "काका, पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या नावासकट."

"मले सारं वरूड ओळखते, अन् तुले नाव पाहिजे?"

ती हलेना. शेवटी सांगितले, तर पोरीचा चेहराच उतरला. इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या, माझ्याच आडनावाच्या माणसाचे होते. नाव विचारायची ही पद्धतही मागे कोणीतरी असाच घोटाळा कबूल करून संत्रं खाल्ले, तेव्हा ताईंनी लावलेली. मी वॉर्ड डोक्यावर घेतला. ती पोरगी मात्र स्वतःच जाऊन ताईंना सांगून आली. ताईंनी माझ्यादेखत तिच्या हातावर संत्रं ठेवले, परत घेतले आणि माझ्याकडे दिले. "सोलून द्या तिले. इचारलं म्हणून वाचले तुमी."

मी सोलून दिले. शिरासुद्धा काढल्या.

आता ताई निवृत्त होऊन अमरावतीला लेकीकडे राहतात. त्यांच्या जागी आलेले साहेब चूक सांगायला येणाऱ्याला आधी नाव विचारतात. पेटी मी अजूनही पाठवतो. परवा जाऊन पाहिली. वरचा थरही हललेला नव्हता, संत्री सुकून चालली होती. एवढ्या मोठ्या दवाखान्यात कोणीच चुकत नाही? मी धंदेवाला माणूस आहे, माल का पडून राहतो ते मला कळते. माझी संत्री उरतात कशी, याचा जबाब त्या साहेबांनी मला द्यावा.