आवडाबाईचा मुद्दा आणि रावजीचा होकार

बुरोंडीत वर्षभर एक कुजबुज चालली होती. आवडाबाईने म्हणे रावजीला मंतरलेली सुरमई खायला घातली, म्हणून तो भर सभेत स्वतःच्याच विरुद्ध बोलला. कुणी सांगे लिंबू दाभोळहून आणलं होतं. कुणी सांगे मंत्र मुंबईचा होता, म्हणून एवढा जालीम.

आवडाबाई म्हणजे बंदरावरच्या शेडमध्ये कोपऱ्यातल्या खांबाला टेकून मासे विकणारी. बावीस वर्षं तीच जागा. सावली तिथे आणि गिऱ्हाईकही आधी तिथेच थांबतं. तीच जागा गेल्या वर्षी रावजीला हवी झाली, टेबल टाकून पर्यटकांना बोटीची तिकिटं विकायला. निकाल रविवारी देवळातल्या सभेत लागायचा होता. जागा गेली तर आवडाबाईची पाटी उन्हात, आणि उन्हातला मासा दुपार बघत नाही.

भांडायला ती कमी नव्हती. पण तिची सुरुवात नेहमी समोरच्याच्या बापापासून व्हायची. बापाने कुणाची होडी बुडवली, आजा लग्नात कसा रुसला, असं करत ती मुद्द्यावर येईपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून परत यायचा.

नात रुचिरा दापोलीच्या कॉलेजात वादविवादाची ढाल जिंकून आलेली. ती म्हणाली, "आजी, ह्या वेळी बापावर जायचं नाय. मुद्दा मांड, कारण दे, पुरावा दे. मग रावजीकाका काय म्हणेल ते तूच आधी सांग आणि खोडून टाक."

"त्याचं पण मीच बोलू? मग तो कशाला येतोय?"

"त्याला बोलायला काय शिल्लक ठेवायचं नाय."

हे मात्र आवडाबाईला फार पटलं. तीन दिवस तिने गिऱ्हाइकांवर सराव केला. "बांगडा ताजा हाय, हा मुद्दा. पहाटे होडीतून उतरला, हे कारण. डोळे बघ त्याचे, हा पुरावा. आता तू म्हणशील महाग हाय." गिऱ्हाईक तिथेच पिशवी पुढे करी.

रविवारी रावजी अर्धा तास विकासावर बोलला आणि खाली मान घालून बसला. आवडाबाई उठली. समोर देव दिसला आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. हात आपोआप जुळले, आवाजाला गाऱ्हाण्याची चाल लागली. गावचा मानकरी, गावकार, देवाला साकडं घालतो आणि दर वाक्याला गाव होकार भरतं, ती चाल.

"बा देवा, बावीस वर्षं मी त्या खांबाला बसते, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून दोघे-तिघे म्हणाले.

"शेड बांधली तेव्हा काँक्रीट ओलं होतं तरी मी उठले नाय. माझ्या पाटाचा ठसा अजून तिथे हाय, म्हाराजा."

रुचिराने मोबाइलवरचा ठशाचा फोटो फिरवला. "व्हय म्हाराजा," अर्धी सभा म्हणाली.

"आता रावजी म्हणेल, वासानं पर्यटक पळतील. दर्यावर येऊन ज्याला मासळीचा वास नको, तो होडीत काय बसणार, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा."

"तर माझी जागा माझ्याकडे ऱ्हाऊ दे, रावजीचं टेबल बदामाच्या झाडाखाली लागू दे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज रावजीचा होता.

अध्यक्ष सखाराम वहीवाल्याला म्हणाला, "लिही, रावजीची हरकत नाय."

"अरे, मी कुठे..." रावजी उठला.

"देवासमोर व्हय म्हणालास बाबा," सखाराम म्हणाला. "आता नाय म्हणायचं तर त्यालाच सांग." रावजीने एकदा देवाकडे पाहिलं आणि तो खाली बसला. आवडाबाई सोमवारी सकाळी खांबाला टेकून बसली.

सुरमई आवडाबाईने पाठवली होती, पण सभेच्या दुसऱ्या दिवशी. तिच्यात मीठ, तिखट आणि कोकम होतं. सभेत रावजी मोबाइलवर क्रिकेट बघत होता आणि सवयीने व्हय म्हणाला.